हलवण्याआधी

दीड दिवसाचा गणपती, गल्लीत गुडघाभर पाणी, आणि माझा नवरा घरबसल्या एक अख्खी राजधानी हलवायला निघालेला. असा योग आमच्याच घरी जुळायचा.

अविनाश भूगर्भशास्त्रज्ञ. केंद्र सरकारची नोकरी म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आणि ते बिऱ्हाड बांधायचं काम माझं. नागपूर, डेहराडून, शिलाँग करत कोलकात्याला आलो तेव्हा नूपुर बालवाडीत होती. मी सांगून टाकलं, आता बास. डमडमला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. अविनाशने देवासमोर शब्द दिला की हे शेवटचं घर, आणि नंतरच्या बदल्यांवर तो एकटाच गेला. त्याच आठवड्यात मी सामानाची खोकी भंगारवाल्याला देऊन टाकली. बदलीवाल्यांच्या बायका खोकी कधी टाकत नाहीत. मी टाकली.

आणि आता बदली होऊन परत इथल्या ऑफिसात आलेल्या ह्याच माणसाला एका समितीवर घेतलं होतं. शहर खचतंय, दर पावसाळ्यात तुंबतंय, तर राज्याची राजधानी इथून उचलून पश्चिमेकडच्या उंच, कठीण जमिनीवर न्यावी का, हे त्या समितीने सांगायचं होतं. निम्मे हो म्हणत होते, निम्मे नाही. मत उरलं होतं ते अविनाशचं. ते आज दुपारी द्यायचं होतं, आणि रस्ते पाण्याखाली असल्यामुळे बैठक लॅपटॉपवर होती. तो ‘हलवा’ म्हणणार हे आठवडाभर त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. राजधानी गेली की त्याचं ऑफिस जाणार, त्यामागे कॉलेजं, दवाखाने, ओळखीची माणसं. म्हणजे माझं घर गेलंच. मला त्याचा भयंकर राग आला होता.

सकाळपासून आमचं वाजत होतं. मी म्हटलं, पाणी कुठल्या गावात तुंबत नाही? नाले उपसा, पंप बसवा. त्यावर तो वर्गात शिकवल्यासारखा सांगत बसला की खालचं पाणी उपसून उपसून मातीच दबते आहे, आणि पंप लावून माती वर येत नाही.

“तुझी माती दबत असेल,” मी म्हटलं. “माझं घर जागच्या जागी आहे.”

त्याने लॅपटॉपवरचा नकाशा पुढे ओढला. 

तेवढ्यात तळमजल्यावरची कालिंदी आली. ती इथल्याच शाळेत शिकवते. तिच्या घरात पहाटेच पाणी शिरलं होतं, म्हणून तिच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला आम्ही उचलून वर आणलं होतं. म्हातारी आमच्या दिवाणावर पडून गणपतीकडे बघत होती. कालिंदी खालून भिजलेल्या वह्या, औषधं, भांडी एकेक करून आमच्या पॅसेजमध्ये आणून ठेवत होती. तिच्या घरात पाणी शिरायचं हे दरवर्षीचंच, म्हणून मला त्यात नवं काही वाटलं नव्हतं.

उत्तरपूजेची वेळ झाली. नूपुर समईत तेल घालत होती. कॉलेजात जाणारी मुलगी, पण मराठी बोलते ती बंगालीतून वळसा घालून.

“आई, समई परत वाकडा झाला.”

“वाकडी,” मी म्हटलं आणि नेहमीप्रमाणे कपाटातून एक जुनी लग्नपत्रिका काढली.

आमच्याकडे पत्रिकांचा ढीग आहे. त्यांच्यावर गणपती असतो, त्यामुळे केरात टाकता येत नाहीत. मी गणपती तेवढा कापून ठेवते आणि उरलेल्या पुठ्ठ्याची घडी समईखाली सारते. सासूबाईंची जुनी पितळी समई. शिलाँगहून येताना सामानवाल्यांनी तिची बैठक वाकवली, अशी माझी पक्की खात्री. कारण इथे आल्यावर काही वर्षांनी तेल खिडकीकडच्या वातीपाशी जमायला लागलं. तिथून ते ठिबकायचं आणि भिंतीकडची वात कोरडी पडून विझायची. सणासुदीला दिवा विझलेला मला चालत नाही. म्हणून एक पत्रिका, मग दोन, मग आणखी.

अविनाश सोवळं नेसून आला, तेव्हा मी नवी घडी आत कोंबत होते.

“हे काय?”

मी सांगितलं. सामानवाल्यांना शिव्याही घातल्या.

“दरवर्षी एक वाढते?”

“साधारण.”

त्याने वाती शांत केल्या, समई उचलली आणि खालचा सगळा पुठ्ठा काढून टाकला. मग ती उघड्या फरशीवर ठेवली. तेल हळूहळू खिडकीच्या बाजूला गेलं. मी म्हटलं, बघ, म्हटलं नव्हतं मी, वाकलीये. त्याने समई अर्धी फिरवली. आता खिडकीकडची चोच भिंतीकडे आली होती. समई वाकडी असती तर तेल तिच्याबरोबर फिरलं असतं. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. तेल पुन्हा खिडकीकडेच गेलं.

नूपुरने तबकातली सुपारी उचलून फरशीवर ठेवली. ती जरा थांबली, मग घरंगळत गेली आणि खिडकीखालच्या भिंतीला लागून थांबली. इतकी वर्षं मी वाकडं घर सरळ दिसावं म्हणून पत्रिका लावत होते.

“एका अंगाने बसतेय इमारत,” अविनाश हळूच म्हणाला. “तपासून घ्यायला हवी. बहुतेक सोडावी लागेल, सगळ्यांनाच.”

त्याचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता. तसा असता तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

कालिंदीला मराठी येत नाही, पण सुपारी तिनेही पाहिली होती, आणि अविनाशचं बोलणं नूपुरने तिला बंगालीत सांगितलं. ती दिवाणाशी उभी होती, हातात आईच्या औषधांची पिशवी.

“माँ को लेके हम किधर जाएगा, दादा?”

मंत्रालय कुठे न्यायचं, विधानसभा कुठे बांधायची, हे अविनाशने नकाशावर आखलेलं होतं. रस्तेसुद्धा ठरले होते. एका म्हातारीला कुठे न्यायचं हे त्याला सांगता येईना. आतल्या खोलीत लॅपटॉप वाजायला लागला.

त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. घाईघाईने पूजा उरकून मूर्तीवर अक्षता टाकल्या आणि तिला हात घातला. उत्तरपूजेनंतर मूर्ती जागची थोडी सरकवायची असते. एकदा सरकवली की देव निघाला, पुन्हा बसवता येत नाही. पण बाहेर टॅक्सी नव्हती, नदी लांब होती, घरात विसर्जनासाठी टब भरलेला नव्हता. मी त्याचं मनगट धरलं.

“न्यायची सोय झाल्याशिवाय हलवायचं नाही. तुझी आईच सांगायची.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दिवाणाकडे. मूर्तीवरचा हात काढला आणि आत गेला. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. तो इंग्रजीत सांगत होता की शहर खचतंय यात शंका नाही, ते त्याने आत्ता स्वतःच्या घरात पाहिलं. पण तळमजल्यावरच्या शेवटच्या घराला नवा पत्ता मिळेपर्यंत सरकारची एक खुर्चीही हलता कामा नये. आधी माणसं, मग कचेऱ्या. अध्यक्ष वैतागून विचारत होते, म्हणजे हो की नाही? हे तुमचं मत धरायचं तरी कसं?

“जसं सांगितलं तसं लिहा,” अविनाश म्हणाला. “नाहीतर माझी सही मिळणार नाही.”

मला रडू येत होतं. घरासाठी येत होतं, खोटं कशाला सांगू. शेवटचं घर म्हणून मी ह्या भिंतींना फार जीव लावला होता.

नूपुर टब भरायला गेली. मी पुठ्ठ्याचे तुकडे गोळा केले, समई पुसून तशीच, वाकड्या फरशीवर ठेवली आणि पुन्हा लावली. भिंतीकडची वात फडफडली. तिच्यात मी चमच्याने तेल घालत बसले.

“टब भरला की वाण्याला फोन कर,” मी नूपुरला म्हटलं. “पाणी ओसरलं की रिकामी खोकी लागतील म्हणावं. मोठी. आधी कालिंदीच्या घरची, मग आपली.”