बोडकं घर

सासूबाईंनी जावयाला एकच विनवलं होतं, छपराची वळचण भिंतीपुढे दोन फूट काढा. पण जावईबापू पडले आर्किटेक्ट. "आई, फोटोत घर बोडकंच देखणं दिसतं," म्हणत त्यांनी छप्पर भिंतीबरोबर छाटलं.

आता पलंगाजवळची भिंत पाझरून गादीला बुरशी आली होती आणि सासूबाईंचा पारा चढला होता. भर पावसात जावईबापू भिंत पाहायला आले. सासूबाईंनी दाराऐवजी खिडकी उघडली.

"आई, दार उघडा, भिजतोय!"

"भिजा की. माझी गादी महिनाभर भिजतेय."

"बरं, काढतो दोन फूट वळचण!"

"दोन फूट मी कोरडी होते तेव्हा मागितली होती. आता अडीच."

"अडीच!" जावईबापू शिंकत म्हणाले.

मग सासूबाई कडी काढायला सावकाश उठल्या.