मुकादमासमोरचा खांदा

एका सकाळी धाकट्या जावेने कंगवा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"जाऊबाई, आज वेणी तुम्हीच घाला."

"का गं चिमणे, राणी झालीस का?"

"झालेच. हात डोक्यापर्यंत येत नाही, मग दासी नको का ठेवायला?"

दोघी हसलो. पण वेणी घालता घालता माझं कोपर तिच्या उजव्या खांद्याला लागलं आणि ती अशी आकसली की माझ्या हातातला कंगवाच पडला. ठेंगणी म्हणून आम्ही तिला चिमणी म्हणतो. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, कित्येक दिवस समजत होता की बायको रुसली आहे. "वहिनी, ती बोलत नाही. वरच्या फळीवरचा डबा हवा असला तर नुसतं बोट दाखवते," अशी तक्रार घेऊन तो माझ्याकडे आला होता. बोटसुद्धा ती डाव्या हाताचं दाखवते, हे त्या शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं.

चिमणी धुलाईघरात कामाला आहे. मीही तिथेच होते, माझा डावा खांदा कायमचा आखडेपर्यंत. इस्पितळांच्या चादरी तिथे धुवायला येतात. खालच्या यंत्रातून ओल्या चादरींचा पिळा ओढून काढायचा आणि वाळवण्याच्या यंत्रात टाकायचा. वाळवण्याच्या यंत्राचं तोंड उंचावर. उंच बाईच्या ते छातीशी येतं, चिमणीच्या डोक्यावरून जातं. ओल्या चादरींचं वजन ज्याने उचललं नाही, त्याला सांगून कळायचं नाही.

दर सोमवारी पाळी सुरू होण्याआधी मुकादम सगळ्या बायकांना ओळीत उभं करतो आणि म्हणतो, "वर!" सगळ्यांनी दोन्ही हात सरळ डोक्यावर न्यायचे. जिचा हात अर्ध्यावर थांबला, ती घड्या घालायच्या टेबलावर. टेबलाचं काम हलकं, पण पगार तुटपुंजा, आणि टेबलावर गेलेली बाई थोड्याच दिवसांत फाटकाबाहेर दिसते. म्हणून हात वर न्यायची एक रीत तिथे एकीकडून दुसरीकडे जात आली आहे. श्वास रोखायचा, कंबर किंचित वाकवायची, खांदा कानाकडे उचलायचा आणि हात वर फेकायचा. चेहरा हसरा ठेवायचा. हसऱ्या चेहऱ्यावर सगळं काम भागतं.

मी काम सोडल्यावर तिथे मोठ्या इस्पितळातली एक डॉक्टरीण आली होती. धुलाईच्या कामाने बायकांचे खांदे बिघडतात का, याचं ती संशोधन करत होती. बिघडतात असं निघालं तर चादरी वर उचलून देणारी गाडी घ्यायची, असं मालकाने कबूल केलं होतं. तिने एकेकीचा हात वर करायला लावून कोन मोजला, दुखतं का विचारलं, सह्या-अंगठे घेतले आणि गेली. काही महिन्यांनी निष्कर्ष आला: या कामाचा खांद्यावर लक्षणीय परिणाम आढळत नाही. मालकाने तो मोठ्या अक्षरांत छापून जेवणाच्या खोलीत लावला. गाडी आली नाही.

वेणी घातली त्याच आठवड्यात मी चिमणीला तपासायला नेलं. खांद्याच्या आतला स्नायूचा पट्टा अर्धा फाटला होता. "असंच वजन उचलत राहिलात तर पूर्ण तुटेल, मग हात कामातून जाईल," असं तपासणाऱ्याने स्पष्ट सांगितलं. तो कागद घेऊन ती मुकादमाकडे गेली, कमी उंचीच्या यंत्रावर काम द्या म्हणाली. मुकादमाने भिंतीकडे बोट केलं. "इथे काय लिहिलंय? कामाने काही होत नाही. घरी काय उचलतेस ते बघ."

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी चिमणीला घेऊन मी थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. तरुण बाई, टेबलावर प्लास्टिकचा एक खांदा ठेवलेला, त्याला रंगीत स्नायू.

"बसा आजी," माझे पांढरे केस बघून ती म्हणाली.

"बसायला नाही आले. हिचा हात तुम्ही मोजला होता. आता तो फाटलाय."

तिने चिमणीचा कागद नीट वाचला. तिचा चेहरा उतरला, हे मी मान्य करीन. पण मग म्हणाली, "ताई, तुम्ही तर हात पूर्ण वर केला होता. दुखत नाही म्हणालात."

"केला होता," चिमणी पुटपुटली.

"कुठे मोजलंत?" मी विचारलं.

"मुकादमांच्या केबिनमध्ये. तिथेच जागा होती."

"आणि मुकादम?"

"ते कोपऱ्यात बसले होते. चहा पीत होते. मध्ये एक शब्द बोलले नाहीत, आजी."

"त्याने बोलायचं कशाला? त्याच्यासमोर हात खाली राहिला तर दुसऱ्या दिवशी चूल बंद, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मी सगळ्यांची संमती घेतली होती. कुणावर जबरदस्ती केली नाही."

"अहो बाई, सोमवारी तो 'वर' म्हणतो तेव्हाही जबरदस्ती करत नाही. नुसता म्हणतो."

ती प्लास्टिकचा खांदा उगाच फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "गुरुवारी मालकांनी इस्पितळाच्या लोकांना धुलाईघर बघायला बोलावलंय. मीही जाणार आहे. तुम्ही माझ्याबरोबर या. पण तिथे काय करता येईल ते मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं. "पण येते."

गुरुवारी मला पाहून मुकादमाने तोंड वाकडं केलं, पण पाहुण्यांसमोर बोलणार काय? मालकाने यंत्रं दाखवली, फरशी दाखवली, भिंतीवरचा निष्कर्ष वाचून दाखवला. पाहुणे माना डोलावत होते. मुकादमाला चेव आला. त्याने बायकांना ओळीत उभं केलं. "बघा साहेब, आमच्या बायका. वर!"

चिमणी ठेंगणी म्हणून कायम पुढे. बाकीच्यांचे हात वर गेले. तिचा डावा गेला. उजवा छातीच्या थोडा वर आला आणि थांबला.

"वर!" मुकादम पुन्हा म्हणाला.

"एवढाच जातो," चिमणी म्हणाली.

"सोमवारी गेला होता की!"

"सोमवारी जीव खाऊन नेला होता. आज नाही नेत."

यंत्रं चालू होती, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. मुकादम हसला. "नाटक आहे साहेब. हिला टेबलावर बसायचंय."

तेव्हा मागच्या ओळीतली एक दांडगी बाई, जिला सगळ्या पैलवान म्हणतात, तिने दोन्ही हात खाली आणले आणि पुन्हा वर न्यायला लागली. सावकाश, श्वास न रोखता. डावा खांद्याच्या उंचीवरच राहिला. "माझा इथे थांबतो," ती म्हणाली. मग तिच्या शेजारणीने हात खाली घेतले. मग आणखी एकीने. मुकादम एकीकडून दुसरीकडे बघत होता. सगळ्यांना टेबलावर पाठवलं तर चादरी यंत्रात कोण टाकणार, हे त्यालाही कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून कोन मोजायचं साधन काढलं. "मुकादम, तुम्ही बाहेर जा," त्या म्हणाल्या.

"मी कशाला बाहेर?"

"चहा प्या," मी म्हटलं.

मुकादमाशिवाय पुन्हा मोजल्यावर गाडी आली. भिंतीवरचा कागदही उतरला. चिमणीच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. इथवर ऐकून लोक म्हणतात, झालं की सगळं चांगलं. पण माझा राग गेलेला नाही, आणि त्याचं कारण सांगते.

डॉक्टरीणबाईंनी नवा निष्कर्ष लिहिला आणि मोठ्या मनाने मला वाचायला दिला. मी अक्षर अक्षर लावून वाचला. त्यात एक वाक्य होतं: काही सहभागी महिलांनी पहिल्या तपासणीत वेदना लपवल्यामुळे निष्कर्षांत त्रुटी राहिली.

"बायकांनी लपवलं?" मी विचारलं. "आणि कोपऱ्यातला मुकादम कुठे गेला? त्याची केबिन कुठे गेली? तिथे मोजायचं कुणी ठरवलं होतं?"

"आजी, असं लिहिता येत नाही. शास्त्रीय भाषा वेगळी असते."

"बायकांचा दोष लिहिता येतो तुमच्या भाषेत. तो बरोबर लिहिता येतो."

त्या म्हणाल्या, छापायला गेलंय. म्हणाल्या, पुढच्या वेळी लक्षात ठेवीन. ठेवतीलही. बाई वाईट नाहीत. पण ते वाक्य छापून आलं ते आलंच, आणि ते वाचणाऱ्याला वाटेल की त्या धुलाईघरात खोटारड्या बायका कामाला होत्या.

आता चिमणीला रोज व्यायाम करायचा असतो. हात हळूहळू वर न्यायचा, दुखलं की तिथेच थांबायचं, त्यापुढे न्यायचा नाही. व्यायाम शिकवणाऱ्याने हे तिला परत परत बजावलं आहे. मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसते. ती हात उचलते. छाती, खांदा, कान. आणि मला दिसतं, तिने श्वास रोखलाय, कंबर वाकलीय, आणि चेहऱ्यावर ते हसू आलंय.

"थांब!" मी ओरडते. "दुखतंय ना?"

"नाही हो, जाऊबाई," ती हसऱ्या चेहऱ्याने म्हणते, आणि हात आणखी वर नेते.

मी उठून तिचा हात धरते आणि खाली आणते.