रिकामी दोरी

दुकानाच्या मागच्या लांबुळक्या खोलीत तीन नवी धनुष्यं खुंट्यांना टांगली होती. तिन्ही कंपाउंड जातीची, टोकांना चाकं असलेली, पोटात दोऱ्यांचं जाळं वागवणारी. त्यातलं एक तिला निवडायचं होतं.

खरं तर लोकांना निवडायला लावणं हाच तिचा धंदा. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. समोरच्याच्या नाकावर जड चौकट चढवायची, काच बदलत विचारायची, "हे बरं की ते? पहिलं की दुसरं?" माणूस गोंधळला की म्हणायची, "सावकाश सांगा. इथे कुणी नापास होत नाही." आज ती स्वतःच खुर्चीत बसल्यासारखी झाली होती.

"हे बरं की ते?" दुकानदारीण विचारत होती. पन्नाशीची, जाड काचांचा चष्मा, बोटांवर दोरीचे जुने वण. "की तिसरं देऊ? अहो ताई, सासुरवाडी निवडत नाही आहात. ओढा, सोडा, सांगा."

पहिलं होतं हरणछाप. सोळा वर्षं तिनं दुसरं काही हाती धरलं नव्हतं. तिचे मामा धनुष्यं जुळवून देणारे कारागीर. दोरी वळणं, चाकांची चाल एकसारखी करणं, दोरीतून नेम धरायचा तो बारीक भोकाचा पीप डोळ्यासमोर आणून बांधणं, हे त्यांचं काम. आणि मामांच्या घरात छाप एकच, हरण. दुसऱ्या कुठल्या छापाचं नाव निघालं की मामी म्हणायची, "हळू बोल गं, भिंतींना वाईट वाटेल."

तिनं नवं हरणछाप ओढलं. ओळखीचं होतं. लहानपणीचं अंथरूण ओळखीचं असतं तसं. पाय मात्र बाहेर येतात.

मग घारछाप हातात घेतलं. बाण लावला. मनगटाच्या पट्ट्याला असतो तो ट्रिगरचा आकडा दोरीत अडकवला आणि ओढलं. आधी वजन आलं, मग डोंगर चढून पठारावर यावं तसं ते अलगद ओसरलं, आणि शेवटी दोरी अशी थांबली जशी पाठ भिंतीला टेकावी. खांदा दुखला नाही. नेमाचा ठिपका डुचमळला नाही. बाण सुटला. समोरच्या कागदावर, मधल्या पिवळ्या वर्तुळात, एक काळं भोक.

हे आपलं, तिला कळलं. आवडलं म्हणून लाज वाटावी, अशी ती आवड होती.

कारण इथे तिला मामांनीच पाठवलं होतं.

झालं होतं असं. तीन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, घरी एकटीच असताना तिनं आपलं जुनं हरणछाप उचललं आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. कोपर वर जातंय का, तेवढंच पाहायचं होतं. बाण लावला नाही. घरात बाण कशाला? रिकामीच दोरी ओढली, मान तिरकी करून आरशात पाहिलं, आणि बोट चुकलं. एवढंसं. तिळाएवढं.

आवाज असा झाला की शेजारणीनं विचारलं, "ताट फुटलं का हो?"

दोरी चाकावरून निसटून लोंबत होती. वरच्या पात्यावर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्टीवर, टोकाजवळ, केसासारखी एक रेघ. ती सातवीत असताना मामांनी पहिला नियम शिकवला होता तो हाच. नियम साधा सांगतील तर मामा कसले! ते गुणगुणायचे:

बाणाविना दोरी, बाई, ओढू नको गं ओढू,
दोरीच्या पोटीचा राग कुणाच्या अंगी सोडू?

बाण असला की राग बाण घेऊन जातो. बाण नसला की तो घरीच परततो आणि घरच मोडतो.

संध्याकाळी ती मोडकं धनुष्य घेऊन मामांकडे गेली. वाटेत वाक्य तयार केलं होतं, "मामा, चूक झाली." दारात मामांचा चेहरा पाहिला आणि तोंडातून निघालं, "मामा, हे बघा ना, सरावात आपोआपच तडकलं."

मामा प्रत्येक धनुष्य उलटंपालटं करून तपासायचे. चाक फिरवायचे, दोरी हुंगायचे, ठोकून ऐकायचे. त्या दिवशी काहीच केलं नाही. रेघेवरून एकदा अंगठा फिरवला आणि खुर्चीत बसले. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी याच धनुष्याला नवी दोरी चढवली होती. दोरी चढवायची तर धनुष्य प्रेसमध्ये धरून, दांडा फिरवून पाती हळूहळू वाकवावी लागतात. ती वाकवताना त्यांचा हात थरथरला होता, दांड्याला हिसका बसला होता.

"माझ्याच हातून झालं, चिमणे," ते म्हणाले. "त्या हिसक्यानंच."

तिनं तोंड उघडलं होतं, नाही म्हणायला. देवाशपथ उघडलं होतं. पण बाहेर आलं ते, "असू द्या मामा. एवढं काय त्यात?"

म्हणजे तिनं त्यांना माफ केलं. त्यांनी न केलेल्या गुन्ह्याची माफी, आणि तीही गुन्हेगारानं दिलेली! त्या रविवारी मामांनी तिरंदाजी क्लबच्या मैदानावर सगळ्यांना जमवून सांगितलं, "माझ्या हाताचा आता भरवसा नाही. आपापली धनुष्यं दुसरीकडे न्या." आणि तिला या दुकानाचा पत्ता दिला. "छापही बदल. माझं हरण नको, माझा हात नको."

"जुनं आणलंय ना?" दुकानदारीण म्हणाली. "द्या इकडे. त्याच्यावरून ओढीची लांबी नि पीपची उंची घेते. घारच ना? तुमच्या चेहऱ्यावरच दिसलं."

तिनं पिशवी पुढे केली. दुकानदारणीनं जुनं धनुष्य टेबलावर ठेवलं, माप घेता घेता थबकली. वरचं चाक बोटानं फिरवलं. ते कुंभाराच्या बिघडलेल्या चाकासारखं डुलत फिरलं.

"हे रिकामं सुटलंय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात भर दुपारचं ऊन पडलं. "नाही नाही," ती म्हणाली, "मामांनी प्रेसमध्ये... त्यांचा हात थरथरतो हल्ली."

आपलाच आवाज तिला ऐकू आला. घरात गप्प राहिली ती गोष्ट वेगळी. आज चक्क परक्या दुकानात, न विचारता, तिनं मामांचं नाव पुढे केलं होतं.

"कोण मामा? ते हरणवाले?" दुकानदारणीनं चष्मा सारखा केला. "अहो, दोरी वळायला मला त्यांनी शिकवलं. ऐकलं मी, काम सोडलं म्हणे. पण ताई, प्रेसनं पातं तडकेल एक वेळ, चाक कसं वाकेल? प्रेस चाकाला शिवतही नाही. हे त्यांनी पाहिलं नाही? त्यांनी?"

"पाहिलं नाही."

"का?"

*मी सांगितलं म्हणून.* एवढं साधं उत्तर होतं. जगातल्या प्रत्येक धनुष्यावर मामांनी संशय घेतला होता. भाचीच्या शब्दावर घेतला नाही.

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. मामी.

"अगं, झाली का खरेदी? ऐक, येताना लिंबं आण. आणि हो, आज दुपारी ते क्लबवाले येतायत, प्रेस न्यायला. देऊन टाकला यांनी. सकाळपासून त्याला तेलपाणी चाललंय, लेक पाठवावी तसं. चहाचा कप दोन हातांनी धरतात गं हल्ली. मी विचारलं, थंडी वाजते का? तर म्हणतात, नाही, भीती वाटते, सांडेल."

"मामी, किती वाजता येणारेत?"

"येतीलच आता. का गं?"

तिनं फोन ठेवला, जुनं धनुष्य पिशवीत कोंबलं.

"आणि घार?" दुकानदारीण म्हणाली.

"ठेवा बाजूला. येते मी." दारातून ती वळली. "आणि तुमच्या डाव्या काचेचा मध्य चुकलाय. म्हणून तुम्ही मान तिरकी धरता. माझ्या चष्म्याच्या दुकानात या, नीट करून देते."

"बघा!" दुकानदारीण हसली. "तुम्हाला माझं दिसतं, मला तुमचं."

तिला हसू आलं नाही.

मामांची कामाची खोली घराच्या मागे, एका खिडकीची. आत मेणाचा वास, भिंतीवर रंगीत धाग्यांची रिळं, मधोमध लोखंडी प्रेस. आज त्याच्यावर चादर होती. मामा स्टुलावर बसून बाणांची पिसं रंगांप्रमाणे लावत होते. लावून झालेली पुन्हा मिसळून पुन्हा लावत असावेत, असं वाटत होतं.

"आलीस? कोणतं घेतलंस? घार ना? मला वाटलंच. तुझ्या खांद्याला घारच."

सोळा वर्षं भिंतींना वाईट वाटू नये म्हणून जपणारा माणूस हे बोलत होता.

"मामा, हे चाक फिरवा."

"कशाला? मोडलेलं ते मोडलेलं."

"फिरवा ना."

त्यांनी फिरवलं. चाक डुललं. त्यांची बोटं थांबली, मग पुन्हा फिरवलं, पुन्हा. बोटं थरथरत होती, पण बोटांना सगळं कळत होतं.

"आरशासमोर ओढलं होतं," ती म्हणाली. "बाण नव्हता. बोट चुकलं. तुमच्या दोरीनं नाही मोडलं, मामा. तुमच्या हातानं नाही. मी खोटं बोलले."

खोलीत मामी लिंबाचं विचारायला आली होती, ती दारातच उभी राहिली.

मामांनी चाक बोटानं थांबवलं. मग इतक्या हळू बोलले की ते ओरडले असते तर बरं, असं तिला झालं.

"तीन आठवडे. तीन आठवडे मी माझ्या हातांकडे चोराकडे बघावं तसं बघतोय. तुझ्या मामीची बरणी उघडून दिली नाही मी. शर्टाची बटणं तिला लावायला लावली."

"मला वाटलं लाडात आलेत," मामी म्हणाली. पण पदर डोळ्यांना लागलाच.

"मामा, मी..."

"तू 'असू द्या' म्हणालीस." त्यांनी प्रथमच वर पाहिलं. "मोडलं त्याचं काही नाही गं. धनुष्य मोडायलाच असतं. पण मी कबुली दिली, आणि तू ती घेतलीस."

दोरीच्या पोटीचा राग तीन आठवडे तिच्या अंगात फिरत होता. आज तो जिथे जायचा तिथे गेला, आणि लागला.

बाहेर चाकांचा खडखडाट झाला. क्लबचा सेक्रेटरी आणि मैदानाचा रखवालदार ढकलगाडी घेऊन आले होते. सेक्रेटरी आत डोकावला. "काय मामा, तयार का नवरी? वजन भारी आहे म्हणे."

मामा उठले नाहीत. भाचीकडे पाहत नुसते म्हणाले, "मी चार माणसांत सांगितलं होतं."

तिला कळलं. वर्षभरापूर्वी याच सेक्रेटरीनं तिच्या गळ्यात पदक घातलं होतं, नव्या मुलांना तिची शिस्त पाहायला सांगितलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "माझं धनुष्य मामांनी मोडलं नाही. मी मोडलं. घरात रिकामी दोरी ओढली, सुटली. आणि आळ त्यांच्यावर जाऊ दिला. रविवारी मैदानावर मी हेच सगळ्यांसमोर सांगणार आहे."

सेक्रेटरीनं तिच्याकडे पाहिलं, मग वाकलेल्या चाकाकडे. रखवालदारानं टोपी काढून पुन्हा घातली.

"रिकामी दोरी?" सेक्रेटरी म्हणाला. "तुम्ही?"

"मी."

"मग... प्रेसचं काय करायचं, मामा?"

मामांनी आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून पाहिले. उजवा थरथरतच होता. खरं बोललं म्हणून हात तरुण होत नाही.

"थरथरतो तो थरथरतोच," ते म्हणाले. "पण धनुष्य मोडलं नाही यानं. आजवर एकही नाही. राहू दे प्रेस." मग भाचीला, "दांडा तू फिरवायचास. मी सांगेन तेवढाच. आणि तो पट्टा इकडे दे."

तिनं मनगटावरचा ट्रिगरचा पट्टा सोडला. दुकानातून निघताना तो काढायचंही भान राहिलं नव्हतं. मामांनी तो प्रेसच्या वरच्या खिळ्याला अडकवला.

"किती दिवस, मामा?"

"मी सांगेन तेव्हा."

गाडी रिकामीच खडखडत परत गेली. मामी म्हणाली, "लिंबं विसरलीस ना? चहाच घे मग." आणि कप मामांच्या हातात दिला. त्यांनी तो एका हातानं धरला. बशीत थोडा सांडला; सांडू दिला.

ती निघाली तेव्हा मामा पुन्हा पिसांशी बसले होते. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"अगं ए."

चिमणे म्हणाले नव्हते. ती थांबली.

"घारीची ओढ किती ठेवतायत?"

"साडेसव्वीस इंच."

"हं." पिवळं पीस त्यांनी पिवळ्यांत ठेवलं. "पीप मी बांधीन. चुकली गाठ तर तीनदा बांधीन. आणशील तेव्हा बाणही आण."