घोड्याच्या मुठीची फळी

मी एक फळी आहे. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, हातभर लांब, पाठीवर मुठीसाठी कोरलेला घोडा. घरोघर इस्त्री यायच्या आधी बायका ओलसर कापड लाकडी लाटण्याला घट्ट गुंडाळायच्या आणि मला वरून दाबून पुढंमागं फिरवायच्या. चादर अशी निघायची की तिच्यावरून माशी घसरावी.

पण आमच्या बेटावर कपड्यांसाठी म्हणून कुणी फळी कोरत नसे. फळी कोरायची ती मुलगी मागायला. कोरून झाली की तिच्या दाराला टेकवून यायची. फळी आत गेली तर लग्न ठरलं. बाहेरच राहिली तर मुकाट्यानं उचलून न्यायची, आणि तीच फळी दुसरीच्या दारी ठेवायची नाही. नाकारलेल्या फळीनं संसार होत नाही, असं म्हणत.

सिद्सेलच्या दारात मी दुसरी आले. पहिली लाउस्टची होती. ती पावसात भिजत राहिली, कुणी आत घेतली नाही. शेवटी लाउस्ट आला आणि त्यानं लाकडी बुटाच्या टाचेनं तिचे तुकडे केले. घोड्याचं मुंडकं खिडकीवर भिरकावलं. काच फुटली आणि सिद्सेलच्या आत्याची हनुवटी चिरली.

मला कोरलं ते येपनं, लाउस्टच्या धाकट्या भावानं. सुरी घसरून घोड्याचा डावा कान उडाला, येपचा अंगठाही कापला. दुसरं लाकड घ्यायला हवं होतं. पण आमचं फानो बेट म्हणजे डेन्मार्कच्या पश्चिमेला समुद्रात पसरलेली वाळू. तिथं झाड कुठलं? येपनं मला तशीच, एका कानाच्या घोड्यासकट, दाराला टेकवलं. सिद्सेलनं दार उघडलं, कानाकडे बघून हसली आणि मला आत नेलं.

लग्नात व्हायोलिन रंगात आलं होतं. लाउस्टनं नवरीबरोबर एक फेर धरला, बिअरचा प्याला संपवला आणि तोच प्याला येपच्या तोंडावर हाणला. येपचे दोन दात पडले. दोघं भाऊ जमिनीवर लोळत एकमेकांचे गळे धरू लागले. तेवढ्यात त्यांची आई गेर्ट्रूड मध्ये घुसली. तिनं दोघांच्या मुस्काटात एकेक ठेवून दिली आणि व्हायोलिनवाल्याकडे वळली.

"तू कशाला थांबलास? वाजव."

तो वाजवू लागला. लग्न पार पडलं.

आमच्याकडचे पुरुष वसंतात जहाजांवर जात. शेत, गुरं, जळणासाठी दलदलीतली गवताळ माती खणून वाळवणं, सगळं बायकांच्या अंगावर. वारा वाळू उधळी, म्हणून त्या तोंडाला काळा मुखवटा बांधून शेतात जात. लाउस्टचा गुडघा तरुणपणीच जहाजावर चिरडला होता, त्यामुळे तो मागं राही. तो सील हे समुद्री प्राणी मारी आणि फुटलेल्या जहाजांचं जे वाहून येई ते लांब दांड्याच्या लोखंडी आकड्यानं ओढून गोळा करी. किनाऱ्यावर लागलेला माल राजाचा, हा कायदा. त्याची राखण थोगर नावाचा किनारा-मुकादम करी. पण थोगरला दोनच डोळे होते आणि किनारा लांब होता.

त्या शरद ऋतूत येप लांबच्या सफरीवर होता. पश्चिमेचं वादळ उठलं आणि एक पोर्तुगीज जहाज वाळूच्या दांड्यावर आपटून फुटलं. सारा गाव किनाऱ्याकडे धावला. मी भिंतीवरच होते. पुढचं मला कळलं ते सिद्सेल घरी आली तेव्हा. तिनं एका माणसाला घोड्यामागच्या घसरगाडीवरून ओढत आणलं होतं. त्याच्या डोक्याची कातडी सोलून लोंबत होती. तिचा झगा, बाह्या, पायमोजे, सगळं रक्तानं भिजलं होतं.

"लाटांनी केलं?" आमच्याच घरी राहणाऱ्या गेर्ट्रूडनं विचारलं.

"नाही, आई. आकड्यानं. भावजींच्या."

 गेर्ट्रूडनं पाणी तापवलं, सुई-दोरा घेतला आणि ती कातडी शिवून काढली. माणूस ओरडत होता, सिद्सेल त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली होती.

त्याचं नाव बेन्तो. त्याला आमच्या बोलीतलं एक अक्षर येत नव्हतं, म्हणून लाउस्ट निर्धास्त होता. किनाऱ्यावर काय झालं हे सिद्सेललाही अर्धंच ठाऊक होतं. तिनं फक्त आकडा पाहिला होता.

मग तिनं त्याला शिकवायला घेतलं. ही राईची काळी पाव-रोटी. हा वाळवलेला चपटा मासा, आधी निखाऱ्यावर धर, मग कातडं ओढ. हे लाकडी बूट, दाराशीच काढायचे. हा कपाटातला पलंग, इथं उशांना टेकून अर्धं बसूनच झोपायचं. तो आडवा झोपायला गेला आणि त्याचे पाय दाराबाहेर आले, तेव्हा बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी हसलं. जेवण झालं की उठून म्हणायचं, "खाऊ घातलंत, आभार." आणि घरच्या बाईनं म्हणायचं, "अंगी लागो." बेन्तो ते रोज गेर्ट्रूडला म्हणे. ती मान वळवून "अंगी लागो" पुटपुटे, पण त्याच्या डोळ्यांत बघत नसे.

शब्द साठत गेले. एके दुपारी बेन्तोनं दाराशी काढून ठेवलेल्या बुटाकडे बोट केलं. मग स्वतःच्या मानेवर हात दाबला. मग पाण्याची बादली दाखवली. "भाऊ," तो म्हणाला. "माझा. जिवंत."

सिद्सेलच्या हातातून मी खाली पडले. लुटीला साक्षीदार नको म्हणून लाउस्टनं बेन्तोच्या जिवंत भावाची मान बुटाखाली पाण्यात दाबून धरली होती.

तिनं थोगरला सांगितलं. थोगर म्हणाला, "रविवारी चर्चनंतर बेन्तोला माझ्यासमोर उभा कर, जेवढं येईल तेवढं बोलू दे." गाव लहान, शनिवारच्या सकाळपर्यंत ही गोष्ट लाउस्टच्या कानी गेली.

नाताळची धुणी चालली होती. चादरी जमिनीवर ढिगानं पडल्या होत्या, मी सिद्सेलच्या हातात होते. दार उघडलं तेव्हा वाऱ्याबरोबर लाउस्ट आत आला. बूट न काढता. हातात सील मारायचा सोटा.

"सोटा बाहेर ठेव," गेर्ट्रूड म्हणाली.

"आई, तू आतल्या खोलीत जा. सिद्सेल, बाजूला हो."

"भावजी, हे घर तुमच्या भावाचं आहे."

"म्हणूनच अजून नीट बोलतोय."

बेन्तो बाकावरून उठेपर्यंत सोटा खाली आला. त्यानं हात आडवा धरला आणि हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी फांदी मोडावी तसा. दुसरा घाव बरगड्यांवर बसला. बेन्तो चुलीपाशी कोसळला आणि रक्त ओकला.

सिद्सेलनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि लाउस्टच्या खांद्यावर घातलं. तो वळला. सोटा माझ्यावरच बसला आणि मी घोड्याच्या पायांपासून टोकापर्यंत चिरले. तिच्या बोटांतून मी सुटले. मग त्यानं सोटा टाकला, एका हातानं तिचा गळा धरला आणि तिला कपाटाच्या दारावर दाबत वर उचललं. तिचे पाय जमीन सोडून हलत होते. तिची नखं त्याच्या गालात रुतली होती. तो पापणीही हलवत नव्हता.

मला कुणीतरी उचललं. ते हात मला रोजचे होते, धुण्याच्या पाण्यानं पांढरे पडलेले, सांधे सुजलेले.

"लाउस्ट, सोड तिला."

त्यानं ऐकलं नाही.

"बाळा, सोड."

सिद्सेलचे पाय हलायचे थांबले. तेव्हा गेर्ट्रूडनं मला उभं धरलं, कडेनं, आणि त्याच्या कानाच्या वर हाणलं. लाउस्टची बोटं सुटली. त्यानं वळून बघितलं. तो चिडलेला नव्हता, नुसता गोंधळला होता.

"आई?"

तिनं पुन्हा हाणलं.

तो धुतलेल्या चादरींवर पडला. गेर्ट्रूडनं मला बाजूला ठेवलं, खाली बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सिद्सेल गुडघ्यांवर खोकत होती. दिवस मावळायच्या आत लाउस्ट गेला. तोवर म्हातारी त्याच्या केसांतली वाळू बोटांनी काढत होती.

थोगर आला तेव्हा सिद्सेल घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी मारलं."

"ती खोटं बोलतेय," गेर्ट्रूड म्हणाली. "गळा दाबलेली बाई काय मारणार? मी मारलं. माझा मुलगा होता, मीच मारला."

बेन्तोनं पडल्या पडल्या आपले मोजके शब्द थोगरला दिले. भाऊ. जिवंत. बूट. मान. पाणी. थोगरनं टोपी काढली आणि बराच वेळ डोक्यावर परत घातली नाही.

कफनाची चादर गुळगुळीत करायला शेजारणीनं स्वतःची फळी आणली. गेर्ट्रूडनं ती परत पाठवली. सिद्सेलचे हात माझ्याकडे येईनात, तेव्हा म्हातारीनंच मला घेतलं. माझ्या चिरेत कापड अडके, धागा ओढला जाई. ती थांबे, धागा सोडवी आणि पुन्हा फिरवी.

मुख्य भूमीवरून आलेल्या न्यायाधीशानं गेर्ट्रूडला निर्दोष ठरवलं. तिनं ते ऐकून मान खाली घातली. आपल्याला शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं ती नंतर सिद्सेलला म्हणाली. वसंतात बेन्तो एका जहाजावर चढला. निघताना तो म्हातारीपुढं उभा राहिला. "खाऊ घातलंत, आभार." या वेळी तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "अंगी लागो."

येप परतला तेव्हा भावाच्या थडग्यावर गवत उगवलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, उठला आणि मला चुलीकडे घेऊन निघाला.

"ठेव ती," गेर्ट्रूड म्हणाली. "जाळायचं असेल तर मला जाळ. फळी कशाला?"

येपनं मला परत भिंतीवर लावलं. सकाळी त्यानं चिरेवर लोखंडी पट्टी ठोकली. गेर्ट्रूड जिवंत होती तोवर सिद्सेलनं मला वापरलं, आणि तिच्यानंतरही. एका कापडालाही त्या घरात सुरकुती राहिली नाही.

आता मी एका उन्हाळी घराच्या भिंतीवर आहे. परदेशी पाहुणे येतात, कॉफी आणि केक खातात. घरमालकीण मला दाखवते. प्रेमाची भेट, ती सांगते. किती गोड माणसं होती ती, पाहुणे म्हणतात. परवा एका बाईनं पट्टीवर अंगठा फिरवला आणि विचारलं, हे काय? "जुनं लाकूड," मालकीण म्हणाली, "तडकतंच."

ती खोटं बोलत नाही, तिला ठाऊकच नाही. तुम्हाला आता ठाऊक आहे. कधी इकडे आलात तर घोड्याचं कौतुक करा, येपनं मन लावून कोरलाय. पण पट्टीवर हात ठेवाल तेव्हा जरा हलका ठेवा. चिरल्यावर एका आईनं मला दोनदा उचललं होतं, एकदा मुलावर, एकदा त्याच्या कफनावर.