हळू येणारा राग

कृणालचा राग वेसाव्याच्या कोळीवाड्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. पटकन यायचा, हात उगारायचा आणि चहा येईपर्यंत निघूनही जायचा. म्हणूनच हर्षद परबवरचा राग आपण वर्षभर जपून ठेवू शकलो, याचं नवल सगळ्यात जास्त त्याला स्वतःलाच वाटायचं.

गोष्ट घडली पार्ल्याच्या कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या गॅदरिंगला. कृणाल कोळीनृत्यात पहिल्या ओळीत होता. आईने बघायला यायलाच पाहिजे म्हणून तो तिच्या मागे लागला होता. त्याची आई मंजुळा अंधेरीच्या मासळी बाजारात बसायची. संध्याकाळचा धंदा बुडवायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं. पण आली. जरीच्या काठाचं लुगडं, गळ्यात घरातलं सगळं सोनं, अंबाड्यात अबोलीची वेणी. पुढच्या रांगेत ऐटीत बसली.

नाच झाला आणि लगेच एक स्किट सुरू झालं. एक मुलगा लुगडं नेसून, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन स्टेजवर आला. तो आला रे आला की बाकीच्यांनी नाकं धरायची, तो बोलला की बेशुद्ध पडायचं, उठून पुन्हा नाकं धरायची. एवढंच स्किट. हॉल लोळत होता हसून. मागच्या खुर्च्यांवरच्या दोघा-तिघांनी तर मंजुळाकडे बघून खरोखर नाकं धरली. ती थोडा वेळ मांडीवर हात ठेवून बसून राहिली, मग उठली. कृणाल गेटपर्यंत धावत गेला, तर म्हणाली, "रिक्षा मिलत नाय नंतर." पुन्हा ती कॉलेजच्या रस्त्याला फिरकली नाही.

स्किट लिहिलं होतं हर्षद परबने. जोगेश्वरीचा मुलगा, घरचे कणकवलीकडचे. बारीक अंगाचा, चष्मा लावणारा, आवाज इतका खाली की ऐकणाऱ्याला वाकावं लागे. कृणाल त्याला त्याच रात्री तुडवणार होता. त्याच कॉलेजात असलेल्या चुलत बहिणीने, कल्पिताने, त्याला ओढून बाजूला घेतलं.

"हात लावलास तर कॉलेज तुलाच काढेल. त्याला कुठे दुखतं ते बघ आधी. तिथे मार."

हर्षदला कुठे दुखतं हे शोधायला वेळ लागला नाही. त्या मुलाचा जीव फक्त नाटकात होता. दुसऱ्या वर्षी एकांकिका स्पर्धेसाठी त्याने मुलं निवडायला घेतली, तेव्हा कृणाल जाऊन उभा राहिला. तुरुंगातून सुटून घरी आलेल्या भावाची गोष्ट होती. कृणालने दोन वाक्यं वाचली आणि हर्षद पहिल्यांदाच मान वर करून बघायला लागला.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.

"आवडलं नाय?"

"आवडलं. म्हणून तर."

भावाचं काम कृणालला मिळालं. बहिणीचं श्रुतिकाला, तिचं शेवटचं वर्ष होतं. कृणालने तेव्हाच ठरवून टाकलं. स्पर्धेच्या दिवशी, भरल्या हॉलमध्ये, या माणसाचं नाटक मधोमध मोडायचं.

पण तोवर रोज तालीम होती. कृणाल तालमीला यायचा तोच आरडाओरडा करत. लाइटवाल्याशी भांडायचा, वाक्य विसरला की शिव्या घालून स्वतःच हसायचा. हर्षद कोपऱ्यात बसून बघायचा. तासाभराने एखादं वाक्य बोलायचा, आणि त्या एका वाक्याने सीन बदलायचा. "दार वाजवू नकोस. तुझंच घर आहे, फक्त तुला आत यायची लाज वाटतेय." कृणालने तसं केलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. या माणसाला असं काही सुचावं याचा त्याला रागच आला.

तालीम सुटली की दोघं स्टेशनपर्यंत चालत जायचे. कृणाल बोलायचा, हर्षद ऐकायचा. एकदा वडापाव खाताना कृणालने सहज विचारल्यासारखं विचारलं, "फर्स्ट इयरला ते कोळणीचं स्किट तूच लिहिलेलंस ना?"

"हो. घाईत लिहिलेलं." हर्षद थोडा हसला. "पण लोक काय हसलेले यार."

कृणालने उरलेला वडापाव कुत्र्याला टाकला. आत थंड होत चाललेलं काहीतरी पुन्हा रसरसलं. बरं झालं विचारलं, असं त्याला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात स्टेजवरच्या लाकडी लेव्हलवरून उडी मारताना कृणालचा पाय मुरगळला. हर्षद खाली बसला, त्याचा बूट काढला आणि पाऊल मांडीवर घेऊन क्रेप बँडेज बांधायला लागला. सावकाश, एकेक वेढा नीट बसवत. सगळे निघून गेले तरी त्याचा हात घोट्यावरच होता.

"दुखतंय?"

"नाय," कृणाल म्हणाला. दुखत होतं. पण तसं म्हटलं असतं तर हर्षदने हात काढून घेतला असता.

एका रविवारी कृणाल त्याला वेसाव्याहून फेरीबोटीने मढला घेऊन गेला. का नेलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. बोट डुलली तसं हर्षदने घाबरून त्याचं मनगट धरलं आणि किनारा आला तरी सोडलं नाही. त्या रात्री कृणालने उशीत तोंड खुपसून स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. गेटमधून पाठमोरी जाणारी आई त्याने डोळ्यांसमोर आणली. जुनं दुखणं दाबून बघावं तशी तो तिला रोज आणायला लागला, कारण आता मुद्दाम आणल्याशिवाय ती येत नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी मेकअप हर्षदनेच केला. हनुवटीखाली दोन बोटं ठेवून तो डोळ्यांखाली काळं भरत होता. त्याची बोटं थरथरत होती. इतक्या जवळून दोघांनी एकमेकांकडे कधी बघितलं नव्हतं. कृणालला सगळं कळलं. हर्षदला काय वाटतं ते, आणि स्वतःला काय वाटतं तेही. आता उठावं आणि याला सगळं सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

नाटक रंगलं. परीक्षक लिहायचे थांबून बघत होते. श्रुतिका रडत म्हणाली, "दादा, आत ये ना." कृणालने दारात उभं राहायचं, आणि आत यायचं.

तो आत आला नाही. विंगेत उभ्या असलेल्या हर्षदकडे वळला, दोन बोटांनी नाक धरलं, आणि तसाच चालत स्टेजवरून निघून गेला.

हॉलमध्ये आधी शांतता, मग कुणीतरी शिट्टी मारली. पडदा पडला. श्रुतिकाने आत येऊन कृणालच्या थोबाडीत दिली आणि खाली बसून हमसून हमसून रडायला लागली.

"का?" हर्षदने विचारलं. तेवढंच.

"तुझ्या त्या स्किटला माझी आई बसलेली समोर. सोनं घालून आलेली. लोकांनी तिच्याकडे बघून नाकं धरली."

हर्षदचा चेहरा पांढरा पडला. "मला सांगायचंस तेव्हाच."

"सांगून? सॉरी बोलला असतास."

"हो."

"सॉरी नको होतं मला."

"मग काय हवं होतं?"

"हे," कृणाल म्हणाला.

घरी जाऊन त्याने आईला सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. मंजुळाने कोयता बाजूला ठेवला.

"मना राग व्हता. अजून हाय. पन त्या लिवनाऱ्याचा. त्या पोरीनं काय केलं व्हतं माझं? माझ्या नावानं तिला कशाला रडवलंस?"



रविवारी कृणाल बाजारात आईला बर्फ फोडून देत होता, तेव्हा हर्षद आला. चिखलातून नीट पाय टाकत थेट मंजुळाच्या ओट्यापाशी. कृणालकडे त्याने बघितलंच नाही.

"काकी, मी हर्षद. ते स्किट मी लिहिलेलं."

मंजुळा सुरमईचे तुकडे करत राहिली. "मग?"

"माफी मागायला आलोय," तो पुटपुटला.

"मोठ्यानं माग. तवा माईक व्हता तुझ्याकडं."

ज्या मुलाचा आवाज कधी दुसऱ्या खुर्चीपर्यंत पोचला नव्हता, तो भर बाजारात ओरडला, "मी या काकींची टिंगल केली. सगळ्या कॉलेजसमोर. माझी चूक झाली. मला माफ करा." आवाज मध्येच फाटला. कोळणी थांबल्या, गिऱ्हाइकं थांबली. एक बाई फिदीफिदी हसली, मग आणखी दोघी. लोक आपल्याकडे बघून हसतायत हे हर्षद उभा राहून सोसत होता आणि मंजुळा त्याला सोसू देत होती. पुरेसं झालं असं वाटल्यावर तिने कोयता पुन्हा सुरमईवर चालवला.

"झालं. आता हट बाजूला, गिऱ्हाईक हाय."

कृणाल त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावला. "हर्षद! आता फिटलं ना रे?"

"त्यांचं फिटलं." हर्षद थांबला. "मेकअप करताना माझे हात थरथरत होते. तुला कळलेलं?"

"हो."

"तरी गेलास."

"हो."

"मला राग हळू येतो, कृणाल. पण येतो."

आणि राग खरोखर आला. तिसऱ्या वर्षी हर्षदने नवी एकांकिका बसवली. कृणाल गेला तर म्हणाला, "काम नाही. सेट उचलायचा असेल तर ये." कृणालने सेट उचलला. पावसाळा संपेपर्यंत लेव्हल्स, दारं, खिडक्या वाहिल्या. हर्षद समोरून जायचा तो एखाद्या टेबलाशेजारून जावं तसा. पोरं हसायची. पूर्वीचा कृणाल असता तर एखाद्याचा दात पडला असता. हा पुढची लेव्हल उचलायचा. श्रुतिकाच्या ऑफिसखाली तो तीनदा जाऊन उभा राहिला, तिसऱ्यांदा ती खाली आली, त्याला भरपूर सुनावलं आणि शेवटी म्हणाली, "आता पुरे, घरी जा."

फक्त एकदा, तालमीच्या हॉलमध्ये सगळे गेल्यावर, त्याचा बांध फुटला. "मार ना एकदाचं! शिव्या दे! असं काय करतोस?"

"तू सगळ्या तालमीभर खोटं वागलास," हर्षद शांतपणे म्हणाला. "मी निदान खरं वागतोय."

स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला. सेट टेंपोत भरून झाला. हर्षद नेहमी पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचा. त्या संध्याकाळी तो मागे चढला, दुमडलेल्या पडद्यांवर कृणालच्या बाजूला बसला. टेंपो हायवेला लागला. मग हर्षदने त्याचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. लाकडं उचलून तळव्याला घट्टे पडले होते, त्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

"राग गेलेला नाहीये," तो म्हणाला. टेंपोच्या आवाजात कृणालला वाकावं लागलं.

"असू दे," कृणाल म्हणाला. "मी कुठे जातोय."

हर्षदने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि घट्टा जोरात दाबला, दुखेल इतका. कृणालने हात काढून घेतला नाही.