शिंगांखाली टांगलेली चौकट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. दाराखिडकीची नव्हे, पाठीवरून ओझं वाहायची. चिवट लाकडाच्या दोन उभ्या पट्ट्या, चार आडव्या, मध्ये ताणून बांधलेलं जाड कापड आणि खांद्यांसाठी दोन चामडी पट्टे, एवढीच मी. अमेरिकेत मोंटानातल्या डोंगरांखाली एका लाकूडगिरणीत व्हर्न लिंडक्विस्ट करवत चालवायचा. एका हिवाळ्यात त्यानं मला घडवलं. त्याची बायको आर्डिस हिनं जुनं घोंगडं फाडून माझ्या पट्ट्यांखाली गादी शिवली. "तुझी पाठ सोलून निघाली, तर मलम मलाच चोळावं लागेल," असं ती म्हणाली होती.

दर ऑक्टोबरात व्हर्न परवाना घेऊन एल्कच्या शिकारीला जायचा. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. रान सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. परवान्यावर जनावर एकच. नर मारायचा की मादी, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. व्हर्न ठरवत बसत नसे. पहिलं समोर येईल ते मारायचं, आणि बहुतेक वेळा मादीच समोर यायची. तिचं मांस माझ्यावर लादून तीन-चार खेपांत तो खाली आणायचा. माझं कापड रक्तानं कडक झालं, लाकूड काळं पडलं. त्या मांसावर घर उन्हाळ्यापर्यंत जेवायचं. मला माझ्या काळेपणाचा अभिमान होता.

मुलगी मार्लिस मोठी झाली तशी तीही सोबत येऊ लागली. "आधी मांस," व्हर्न तिला बजावायचा. "शिंगं काही शिजत नाहीत."

पुढे आर्डिस गेली. व्हर्न गिरणीतून निवृत्त झाला आणि रोज सकाळी पेट्रोलपंपाजवळच्या कॉफीच्या दुकानात बसू लागला. तिथे गॉर्डी नावाचा एक जण होता. त्याच्या घरात भिंतभर शिंगं.

"चाळीस वर्षं शिकार केलीस व्हर्न, आणि भिंतीवर काय? कॅलेंडर!" गॉर्डी म्हणायचा.

सगळे हसायचे. सुरुवातीला व्हर्नही हसला. नंतर नंतर तो घरी येऊन त्या कॅलेंडराकडे बघत बसू लागला.

त्याच वर्षी मार्लिसचा नवरा छप्पर दुरुस्त करताना पडला आणि कमरेनं अंथरुणाला खिळला. घरात दोन पोरं. दवाखान्याच्या धावपळीत तिची परवान्याच्या अर्जाची तारीख हुकली. "माझ्या परवान्यावरचं मांस तुझं," व्हर्न म्हणाला. आम्ही तिघं डोंगरावर गेलो.

दुसऱ्या सकाळी ऐंशी पावलांवर एक मादी येऊन उभी राहिली. गाडी अर्ध्या मैलावर. व्हर्ननं बंदूक खांद्याला लावली. तेवढ्यात वरच्या कड्यावरून एका नरानं लांबलचक शीळ घातली. व्हर्नची बंदूक खाली आली.

"बाबा, मार ना!" मार्लिस कुजबुजली.

"थांब जरा. वर मोठा आहे."

"मला मोठा नकोय. माझ्या फ्रीजरात बर्फाशिवाय काही नाही रे."

"अगं, नराला मांसही जास्तच असतं. तुझंच भलं होईल."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त वाईट होतं. मादीनं कान हलवले आणि ती झाडीत शिरली.

तो नर पाचव्या दिवशी पडला, गाडीपासून सहा मैल आत. ऑक्टोबर असूनही ऊन चटचटत होतं. शिंगं खरोखर अफाट होती, एकेकाला सात टोकं. व्हर्न त्यांच्यावरून हात फिरवत राहिला. मार्लिस सुरी काढून मांड्या सोडवायला बसली, तर त्यानं तिला अडवलं. मुंडकं भिंतीवर लावायचं, तर मानेची नि खांद्यांची कातडी अखंड हवी. ती सोलण्यात तीन तास गेले. जनावर उन्हात तसंच पडून होतं. तिला जेमतेम पाठीचं मांस काढता आलं आणि पुढचा एक पाय फांदीला टांगता आला.

मग व्हर्ननं मुंडकं माझ्यावर बांधायला घेतलं.

"हे काय करतोस? आधी मांस!" मार्लिस ओरडली.

"खाली दुसऱ्या तिघा शिकाऱ्यांचा तंबू आहे, बघितलास ना? सरकारी रान आहे, कुणीही येईल. उद्यापर्यंत शिंगं राहायची नाहीत."

"आणि मांस?"

"मांस कोण चोरतंय!"

"अस्वल चोरतं, बाबा. ऊन चोरतं."

त्यानं दोरीची गाठ आवळली. आजवर माझ्यावर जे लादलं जायचं, त्यापेक्षा हे ओझं हलकं होतं. त्या हलकेपणाचीच मला लाज वाटत होती. मागून मार्लिस पाठीचं मांस पिशवीत घेऊन चालत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत जनावरापाशी पोचलो. एक मांडी अस्वलानं नेली होती. दुसरी मार्लिसनं हाडापाशी कापून नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. मांस आतून हिरवं पडलं होतं. टांगलेल्या पायातून तिनं चांगलं तेवढं कापून घेतलं. मांस वाया घालवणं तिथे गुन्हा आहे. पण अर्धा पुरावा अस्वलानं खाल्ला होता आणि विचारायलाही कुणी आलं नाही.

"होईल चार जेवणांचं," ती म्हणाली. एवढंच.

गावात व्हर्नची वाहवा झाली. गॉर्डीनं स्वतः टेप लावून शिंगं मोजली. कॅलेंडर उतरलं, मुंडकं चढलं. शिकाऱ्याचं घर शोभावं म्हणून व्हर्ननं मला त्याच्याखाली लावलं. माझं कापड घासून रक्ताचे डाग काढले, घोंगडीची गादी उसवून फेकली, लाकडाला चकचकीत रंग दिला आणि दोन्ही बाजूंनी आरपार स्क्रू पिळले. येणारे जाणारे म्हणत, "वा! काय छान दिसतंय!"

पुढच्या सप्टेंबरात मार्लिस आली. तिला परवाना मिळाला होता.

"बाबा, चौकट दे. यंदा मी चाललेय."

व्हर्ननं माझ्याकडे पाहिलं, मग शिंगांकडे. "अगं, ती आता पक्की बसवलीय. काढायला गेलं तर लाकूड फाटेल. आणि भिंत ओकीबोकी दिसेल."

मार्लिस दाराकडे वळली. "बरं," ती म्हणाली. "राहू द्या तुमच्याकडे."

राहू द्या. आयुष्यभर बापाला अरे-तुरे करणारी पोर परक्याशी बोलावं तशी बोलली आणि गेली. व्हर्नला ते कळलं. पण हाक मारायला तो उठला नाही.

ऑक्टोबरात गॉर्डीनं हसत बातमी आणली, "तुझ्या पोरीनं पहिल्याच सकाळी मादी पाडली म्हणे. पोत्यात मांस भरून दोरीनं पाठीला बांधून आणलं. खांदे सोलून निघालेत बाईचे." त्या संध्याकाळी दाराबाहेर कागदात गुंडाळलेला मांसाचा एक तुकडा ठेवलेला होता. दार वाजलं नव्हतं. व्हर्ननं तो भाजला आणि एकट्यानं खाल्ला, शिंगांकडे पाठ करून.

मित्रांनो, मला रोज फडक्यानं पुसतात. धूळ म्हणून बसू देत नाहीत. याला काळजी घेणं म्हणत असतील, तर ती मला नको. तुमच्या घरी एखादी कामाची वस्तू असेल, तर तिला कामावर जाऊ द्या. ज्याला गरज आहे त्याच्या पाठीवर द्या. झिजेल, मोडेल, होऊ दे. व्हर्न म्हणाला, लाकूड फाटेल. त्यानं मला एकदा विचारायला हवं होतं. मी म्हटलं असतं, फाटू दे.