लांब निघालात का?

साठी उलटल्यावर ह्यांना मेंढा मारायची हुक्की आली. साधासुधा नाही, डोंगरातला रानटी मेंढा, तोही न्यूझीलंडला जाऊन आणि एकट्याने. मी म्हटलं, "इथल्या टेक्का मार्केटातला खाटीक मटण तुकडे करून पिशवीत घालून देतो. मागितली तर कलेजीसुद्धा देतो."

"प्रेमा, तुला नाही कळायचं," हे म्हणाले.

बोटीवर इंजिनियर असताना ह्यांची बोट एकदा तिकडच्या बंदरात दुरुस्तीला अडकली होती. तेव्हा वर कड्यावर उभा असलेला पीळदार शिंगांचा एक मेंढा ह्यांनी पाहिला. तो तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात चरत होता. रिटायर झाले आणि त्याला रान मोकळं मिळालं.

इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल नकाशांनी अडवलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून हे रोज ब्लॉकचे जिने चढायचे. शेजारच्या चिनी आंटीने मला विचारलं, "अंकल व्हाय क्लाइंब? लिफ्ट स्पॉइल आह?" मी सांगितलं, "नो, अंकल स्पॉइल." एकदा ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकून झोपून आले, ते डासांनी फोडलेलं तोंड घेऊन. मी हसले खरी, पण काळजी सुटेना. ह्यांच्या हृदयात स्टेंट आहे. त्या दऱ्यांमध्ये फोन लागत नाही. पाय घसरला, तर हाक ऐकायला तो मेंढाच.

एवढे नकाशे समोर पसरलेले, पण ह्यातली नेमकी कुठली दरी, ते मी विचारलं नव्हतं. आमच्या घरात विचारत नाहीत.

मी पुण्याची. लग्न होऊन संगमेश्वरजवळच्या सासरी गेले, तेव्हा शेतात शिरणाऱ्या डुकरांसाठी मामंजींकडे ठासणीची बंदूक होती. एका पहाटे ते बंदूक खांद्याला लावून पायरी उतरले आणि नव्या सुनेने आदबीने विचारलं, "मामंजी, कुठे निघालात?" ते जागीच थांबले. मागे फिरले, बंदूक खुंटीला अडकवली, ओटीवर बसले आणि म्हणाले, "पाणी आण." तांब्याभर पाणी सावकाश प्यायले. तोवर बाकीची माणसं पुढे निघून गेली होती आणि मामंजींची शिकार बुडाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंनी आत बोलावून समजावलं, "शिकारीला निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये गो. लांब निघालात का, असं विचारावं."

किती गोड होती ती माणसं! मामंजी संध्याकाळी मला म्हणाले, "बरं झालं हो सूनबाई, आज कंबर दुखतच होती." आजही आठवलं की डोळे भरून येतात.

पुढे हे बोटीवर जायला लागले. दर वेळी दारात मी विचारायची, "लांब निघालात का?" हे म्हणायचे, "जरा लांब." बस्स. मग महिन्यांनी कुठल्या तरी बंदरावरून पत्र आलं की कळायचं. आमची लेक इरा तापाने फणफणली, माझी आई गेली, तेव्हा हे पृथ्वीच्या कुठल्या कोपऱ्यात होते, ते मला ठाऊक नव्हतं.

इरा आता ह्याच शहरात, सेरंगूनला राहते. मी तिच्यापाशी रडले, तर म्हणाली, "आई, जस्ट आस्क हिम लाह!" तिला काय सांगणार?

निघायचा दिवस आला. टॅक्सी खाली उभी होती. ह्यांनी बूट घातले, सॅक पाठीला लावली आणि म्हणाले, "येतो."

मी तोंड उघडलं ते लांब निघालात का म्हणायला. बाहेर आलं, "कुठे?"

हे थांबले. ह्यांनी सॅक खाली ठेवली, बूट काढले आणि सोफ्यावर बसले.

"पाणी आण."

मी पाणी आणून दिलं. "इतकी वर्षं विचारलं नाही हो," मी म्हटलं. "दर वेळी घशाशी यायचं, दर वेळी गिळायची. आता नाही गिळवत."

हे सावकाश पाणी प्यायले, अगदी मामंजींसारखे. मग सॅकच्या वरच्या कप्प्यातून घडी केलेला नकाशा काढला. त्यावर लाल पेनाने वाट आखलेली होती. ह्यांनी माझं बोट धरून त्या वाटेवरून फिरवलं. "ही नदी. इथे झोपडी, पहिली रात्र तिथे. ही दरी. तो ह्या कड्यावर असतो. ह्याच्या पलीकडे मी जाणार नाही." आणि नकाशा माझ्या हातात दिला.

"आणि हा नकाशा मला दिलात तर तुम्ही काय बघणार?"

"माझा वेगळा आहे. हा तुझाच."

"माझा? कधी काढलात?"

"माझा काढला तेव्हाच. म्हटलं, ह्या वेळी तरी विचारशील."

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. ह्यांनी पुन्हा बूट चढवले, सॅक घेतली. "येतो."

आता मी रीतसर विचारलं, "लांब निघालात का?"

"नाही," हे म्हणाले. "तुला माहितीये की कुठे."